अनाहूत ईमेल आणि कायद्याची भाषा



कामगार संघटनेच्या माणसाने पगार, पाळ्या, बोनस यांवर बोलावे. हा ईमेलचा आणि कायद्याचा विषय त्याने कोठून काढला, असा प्रश्न कार्यक्रमपत्रिका पाहून पुष्कळांना पडला असेल. व्याख्यानमालेच्या चिटणिसांनाही तो पडला होता. त्यांना आम्ही सांगितले की, गेली तीस वर्षे अनाहूत पत्रे वाटणे हाच आमचा उद्योग आहे. पहाटेच्या पाळीला कारखान्याच्या गेटाशी उभे राहायचे आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात पत्रक द्यायचे. त्याने ते मागितलेले नसते. मालकाला तर ते मुळीच नको असते. तेव्हा न मागता पाठविलेल्या मजकुरावर बंदी घाला, असे कोणी म्हणू लागले की आमचे कान टवकारतात. दुसरीकडे, आमच्याही ईमेलच्या पेटीत रोज सकाळी कर्जे, औषधे, लॉटऱ्या आणि जमिनीचे प्लॉट यांचा जो ढीग येऊन पडलेला असतो, तो उपसताना आम्हीही कपाळाला हात लावतो. या दोन गोष्टींच्या मध्ये कायद्याने रेघ कोठे ओढावी, एवढाच आजचा विषय आहे.

या ढिगाला जगभर 'स्पॅम' म्हणतात. हे मूळचे अमेरिकेतील हॉर्मेल कंपनीने १९३७ साली बाजारात आणलेल्या डबाबंद मांसाचे नाव. १९७० साली मॉन्टी पायथन या इंग्रज विनोदी मंडळीने दूरदर्शनवर एक प्रवेश केला. त्यातल्या खाणावळीत जो पदार्थ मागावा त्यात हे मांस असतेच, आणि त्याच्या नावाचा गजर असा चालतो की माणसांना एकमेकांचे बोलणे ऐकू येईनासे होते. संगणकवाल्यांनी तेथून शब्द उचलला. शब्द थट्टेतला असला तरी दुखणे नेमके सांगतो : नको त्या गजरात हवे ते ऐकू येत नाही.

दुखणे जुने आहे. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशाने चाललेल्या आर्पानेट या जाळ्यावर डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीच्या एका विक्री अधिकाऱ्याने आपल्या नव्या यंत्रांच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण सुमारे चारशे जणांना एकदम धाडले. त्या वेळी हे जाळे वापरणारी माणसे मोजकीच होती. ती संतापली, आणि सरकारी कचेरीतून कंपनीला समज देण्यात आली. पुढे जाळे सर्वांना खुले झाले, आणि समज देणारे कोणी उरले नाही.

हा ढीग इतका का वाढला याचे कारण हिशेबात आहे, आणि हिशेब समजल्याशिवाय कायदा समजणार नाही. टपालाने जाहिरात पाठवायची तर कागद, छपाई, पाकीट आणि तिकीट हा सारा खर्च पाठविणाऱ्याचा. दहा हजार पत्रे टाकण्यापूर्वी तो दहा वेळा विचार करतो. आपल्याकडील वडीलधाऱ्यांना नॉटपेड पत्र आठवत असेल. पाठविणारा तिकीट लावीत नसे, आणि पोस्टमन ते दारात घेऊन आला की दुप्पट पैसे घेणाऱ्याने भरायचे. तेथेही घेणाऱ्याच्या हातात एक हक्क होता. पत्र नको म्हणून तो ते परत करू शकत असे. ईमेल हे असे नॉटपेड पत्र आहे की जे नाकारता येत नाही. दहा लाख पत्रे पाठविणाऱ्याला दहा पत्रांहून फारसा अधिक खर्च येत नाही. ती साठविण्याचा, चाळण्याचा, काढून टाकण्याचा खर्च घेणाऱ्यावर आणि त्याला सेवा पुरविणाऱ्या कंपनीवर पडतो. ती कंपनी तो पुन्हा आपल्याच बिलातून वसूल करते, हे सांगायला नकोच. दहा लाखांत दहा गिऱ्हाइके मिळाली तरी धंदा नफ्यात.

अमेरिकेत फॅक्स यंत्राच्या बाबतीत हीच तक्रार आधी झाली होती. जाहिरात दुसऱ्याची आणि तिच्यासाठी कागद जळतो आमचा, असे दुकानदार आणि कचेऱ्या म्हणू लागल्या. तेव्हा तेथील काँग्रेसने १९९१ साली दूरध्वनी ग्राहक संरक्षण कायदा केला. अनाहूत जाहिरातीचा फॅक्स पाठविण्यास बंदी, आणि पाठविल्यास ज्याला तो आला त्याने स्वतः न्यायालयात जाऊन प्रत्येक फॅक्समागे पाचशे डॉलर मागावेत, अशी सोय त्यात होती. हा साधा, रोखठोक कायदा आम्हांस फार आवडतो. त्यात सरकारी निरीक्षकाची वाट पाहावी लागत नाही. ज्याचा कागद गेला तोच फिर्यादी. आमच्या कामगार कायद्यांतून निरीक्षकाची वाट पाहण्यात किती जणांची उमेदीची वर्षे गेली, हे येथे बसलेल्यांपैकी काहींना ठाऊक आहे.

ईमेलसाठी पहिली विधेयके आली ती १९९७ साली. न्यू जर्सीचे प्रतिनिधी ख्रिस स्मिथ यांचे म्हणणे होते की, फॅक्सचा कायदाच ईमेलला लावा; आधी संमती घ्या, मग पाठवा. अलास्काचे सिनेटर मर्कोव्स्की यांचे म्हणणे निराळे. खुशाल पाठवा, पण विषयाच्या ओळीत 'जाहिरात' असे लिहा आणि कोणी नको म्हटले तर थांबा. वर्तमानपत्रांतून या दोन विधेयकांकडे एकाच हेतूचे दोन मार्ग म्हणून पाहिले गेले. वस्तुतः त्यांच्यात जमीनअस्मानाचे अंतर आहे. पहिल्यात दार बंद असते आणि घरमालक ते उघडतो. दुसऱ्यात दार उघडेच असते आणि घरमालकाने दिवसभर उभे राहून एकेकाला 'तू नको, तू नको' म्हणत बसायचे. जगातल्या साऱ्या स्पॅमविरोधी कायद्यांचे या दोहोंत वर्गीकरण करता येते. आपण त्यांना 'आधी संमती' आणि 'मागाहून नकार' अशी नावे देऊ.

यातले मागाहून नकाराचे एक विधेयक, सिनेट क्रमांक १६१८, मे १९९८ मध्ये सिनेटने मंजूर केले. परंतु त्याचा कायदा कधीच झाला नाही. याची एक गंमत झाली. पुढे कित्येक वर्षे स्पॅम पाठविणारे आपल्या पत्राच्या तळाशी छापू लागले की, हे पत्र विधेयक क्रमांक १६१८ अन्वये पाठविले असल्याने त्यास स्पॅम म्हणता येणार नाही. न झालेल्या कायद्याचे प्रमाणपत्र! आमच्या भागातील एक ठेकेदार रद्द झालेला परवाना चौकटीत बसवून भिंतीवर टांगीत असे, त्याची येथे आठवण होते.

केंद्रात काही होत नाही असे पाहून राज्यांनी आपापले कायदे केले. १९९८ साली वॉशिंग्टन राज्याने खोटा प्रेषक आणि फसवी विषयओळ यांस बंदी घातली. सर्वांत कडक कायदा कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २००३ मध्ये केला. आधी संमती हवी, आणि नसेल तर ज्याला पत्र आले त्याला प्रत्येक पत्रामागे हजार डॉलरपर्यंत मागता येतील. तो १ जानेवारी २००४ पासून अमलात यावयाचा होता. जाहिरातदारांची धावपळ उडाली. जी काँग्रेस सहा वर्षे विधेयके नुसती चघळीत बसली होती, तिने तीन महिन्यांच्या आत केंद्रीय कायदा करून दाखविला. १६ डिसेंबर २००३ रोजी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी त्यावर सही केली, आणि तो अमलात आला तो नेमका त्याच दिवशी, १ जानेवारी २००४ रोजी. त्याचे नाव 'कॅन-स्पॅम'. इंग्रजीत याचा अर्थ 'स्पॅम डब्यात भरा' असाही होतो आणि 'स्पॅम पाठविता येईल' असाही. टीकाकारांनी दुसरा अर्थ घेतला, आणि त्यांना फारसा दोष देता येत नाही.

या कायद्यात चांगले आहे ते आधी सांगू. पत्राचा उगम खोटा दाखवायचा नाही. विषयाची ओळ फसवी नको. खरा टपालाचा पत्ता हवा. कोणी नको म्हटले तर कामकाजाच्या दहा दिवसांत थांबले पाहिजे. पण तत्त्व मागाहून नकाराचे. राज्यांचे कायदे फसवणुकीपुरते ठेवून बाकीचे रद्दबातल. म्हणजे कॅलिफोर्नियाचा आधी संमतीचा कायदा जन्मण्यापूर्वीच गेला. आणि फिर्याद कोणी करायची? फेडरल ट्रेड कमिशनने, राज्याच्या सरकारी वकिलाने, किंवा इंटरनेटची सेवा देणाऱ्या कंपनीने. ज्याच्या पेटीत पत्र येऊन पडले त्या सामान्य माणसाला या कायद्याने दावा लावता येत नाही. फॅक्सच्या कायद्यातले सर्वांत मोलाचे वाक्यच येथे गळाले.

मागाहून नकार या तत्त्वात आणखी एक मेख आहे. ज्याचा पत्ता खरा आहे की मेलेला हेच पाठविणाऱ्याला ठाऊक नसते, त्याने 'मला नको' असे उत्तर दिले की पत्ता जिवंत असल्याची खात्री पटते. सज्जन व्यापारी थांबतो. चोर तो पत्ता अधिक भावाने विकतो. 'नको' म्हणणाऱ्यांची एक राष्ट्रीय यादी करावी काय, असे काँग्रेसने विचारले होते. २००४ च्या जूनमध्ये कमिशनने उत्तर दिले की, पाठविणारा कोण हे ओळखण्याची सोय नसताना अशी यादी म्हणजे चोरांच्या हाती घरांचे पत्ते देणे होईल.

युरोपने दुसरी वाट धरली. २००२ च्या निर्देशाने तेथे आधी संमती हे तत्त्व आले. ज्याने आपल्याकडून माल घेतला आहे अशा गिऱ्हाइकाला तशाच मालाविषयी लिहिण्याची तेवढी सवलत. ऑस्ट्रेलियाने २००३ साली संमतीचाच कायदा केला. मात्र धर्मसंस्था, धर्मादाय संस्था आणि नोंदणीकृत राजकीय पक्ष यांना मोकळे सोडले. कायदा करणारे आपल्या पक्षाच्या पत्रांना अडसर घालीत नाहीत, यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. कॅनडाचा कडक कायदा २०१४ साली अमलात आला. त्यात सामान्य माणसाला दावा लावण्याचा हक्क होता, तो १ जुलै २०१७ पासून सुरू व्हायचा होता. जून महिन्यात सरकारने तो स्थगित केला. हक्क कागदावर राहिला.

येथपर्यंत ऐकून आपल्याला वाटेल की या माणसाला कडकात कडक कायदा हवा आहे. व्यापाऱ्यांपुरता हवाच. पण आता नाण्याची दुसरी बाजू पाहू, आणि येथे थोडा वेळ घेऊ.

१९९७ साली ओहायो राज्यात कॉम्प्युसर्व्ह या कंपनीने सायबर प्रमोशन्स या स्पॅम पाठविणाऱ्या कंपनीविरुद्ध दावा जिंकला. त्या वेळी खास कायदा नव्हता, म्हणून वकिलांनी इंग्रजी कायद्यातले एक जुने शस्त्र बाहेर काढले. दुसऱ्याच्या जंगम मालमत्तेत ढवळाढवळ केल्याचा दावा. दुसऱ्याचा घोडा परवानगीवाचून वापरला, त्याला इजा केली, तर जो दावा चालतो तोच. संगणक आमचा, त्याच्यावर तुमच्या पत्रांचा बोजा पडला, तेव्हा ही ढवळाढवळ झाली. न्यायालयाने ते मानले, आणि सर्वांनी टाळ्या वाजविल्या.

पुढच्याच वर्षी हे शस्त्र कोणावर उगारले गेले? इंटेल कंपनीचा केन हमिदी नावाचा अभियंता होता. त्याला कामावरून कमी केले होते. त्याने आजी-माजी कर्मचाऱ्यांची एक संघटना उभी केली, आणि १९९६ ते १९९८ च्या दरम्यान एकवीस महिन्यांत सहा वेळा कंपनीतील कर्मचाऱ्यांच्या कचेरीतील पत्त्यांवर ईमेल पाठविले. कंपनीची नोकरीविषयक धोरणे कशी आहेत, कोणाकोणाला काढले जाणार, आपले हक्क काय, असा मजकूर. एकेका खेपेस पस्तीस हजारांपर्यंत पत्ते. जो नको म्हणेल त्याचे नाव तो यादीतून काढीत असे. त्याने काही विकले नाही, काही फोडले नाही, कोणत्याही यंत्राचे काम थांबले नाही. कंपनीने पत्र पाठवून त्याला थांबण्यास सांगितले. तो थांबला नाही. मग कंपनीने तोच जंगम मालमत्तेचा दावा लावला. खालच्या न्यायालयाने १९९९ साली हमिदीला कायमचा मनाई हुकूम दिला. अपील न्यायालयानेही २००१ साली तो उचलून धरला.

श्रोतेहो, या दाव्यात कंपनीचे नुकसान कोणते होते? कर्मचाऱ्यांनी ती पत्रे वाचली, त्यांवर आपापसांत बोलले, त्यात कामाचा वेळ गेला. म्हणजे पत्रांचा मजकूर हेच नुकसान! आमच्या पत्रकांविषयी कारखान्याचे व्यवस्थापक गेली तीस वर्षे हेच म्हणत आले आहेत. सहा पत्रांनी पस्तीस हजार माणसांचे मन विचलित होत असेल, तर खोट पत्रांत आहे की कारखान्यात, हे ज्याने त्याने ठरवावे. हमिदीच्या बाजूने नागरी स्वातंत्र्याच्या संस्था उभ्या राहिल्याच. सेवा क्षेत्रातील कामगारांची एक मोठी संघटनाही उभी राहिली, कारण पुढची पाळी आपली आहे हे तिने ओळखले. ३० जून २००३ रोजी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी निकाल फिरविला. यंत्राला इजा झाली नाही, त्याचे काम बिघडले नाही. मजकूर आवडला नाही म्हणून हा दावा चालत नाही, असे बहुमताने सांगितले. चार विरुद्ध तीन. एका न्यायाधीशाचे मत इकडचे तिकडे झाले असते तर स्पॅमविरोधी म्हणून घडविलेले शस्त्र त्या राज्यातील प्रत्येक मालकाच्या भिंतीवर लटकले असते.

कचेरीतील पेटी कोणाची, हा प्रश्न मात्र तेथे संपला नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाने २००७ साली सांगितले की, कंपनीच्या ईमेलवर संघटनेचे काम करण्याचा कामगाराला हक्क नाही. २०१४ साली सांगितले की, कामाच्या वेळेबाहेर आहे. २०१९ साली पुन्हा नाही. मंडळावरील माणसे बदलली की पेटीचा मालक बदलतो.

दुसरे उदाहरण व्हर्जिनिया राज्याचे. तेथे जेरेमी जेन्स नावाच्या बड्या स्पॅम व्यापाऱ्याला जुलै २००३ मध्ये तीन वेळा प्रत्येकी चोवीस तासांत दहा हजारांहून अधिक पत्रे खोट्या उगमाने पाठविल्याबद्दल नऊ वर्षांची शिक्षा झाली. हा माणूस सहानुभूतीस मुळीच पात्र नव्हता. तरी सप्टेंबर २००८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच घटनाबाह्य ठरविला आणि तो या आरोपातून सुटला. का? कायदा लिहिणाऱ्यांनी 'व्यापारी' हा एक शब्द घातला नव्हता. नाव लपवून मोठ्या संख्येने पाठविलेले कोणतेही पत्र, मग ते राजकीय असो, धार्मिक असो, त्यात गुन्हा ठरत होते. न्यायालयाने दाखला दिला तो अमेरिकेची राज्यघटना होत असताना तिच्या समर्थनार्थ 'पब्लियस' या टोपणनावाने लिहिलेल्या निबंधांचा. ते आज ईमेलने पाठविले असते तर त्यांचे कर्ते गुन्हेगार ठरले असते. एक शब्द विसरला, आणि चोर सुटला. कायद्याची भाषा सैल ठेवली की सज्जन अडकतात एवढेच आपण नेहमी म्हणतो. दुर्जन सुटतात, हेही त्या निकालाने दाखविले.

आता आपल्या घरी या. भारतात ईमेलच्या स्पॅमसाठी स्वतंत्र कायदा आजही नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे नियम आहेत ते फोन आणि एसएमएस यांपुरते. पण एक कलम असे होते की ज्याच्या जाळ्यात स्पॅम सापडावा. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६६अ. त्याच्या तिसऱ्या उपकलमात लिहिले होते की, त्रास किंवा गैरसोय व्हावी म्हणून, अथवा उगमाविषयी फसविण्यासाठी जो ईमेल वा संदेश पाठवील त्यास तीन वर्षांपर्यंत कैद. पुन्हा तेच, 'व्यापारी' हा शब्द नाही. किती पत्रे, तेही नाही. त्रास कोणाला, गैरसोय कोणाची, तेही नाही.

या कलमाने किती स्पॅमवाले तुरुंगात गेले हे आम्ही पुष्कळ शोधले. आम्हांस एकही आठवत नाही. पण नोव्हेंबर २०१२ मध्ये आपल्या पालघरला काय झाले ते सर्वांना आठवते. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्याविषयी एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या आवडल्याची खूण केली, आणि दोघींना अटक झाली. लावलेल्या कलमांत ६६अ होते. त्या प्रकरणावरून दिल्लीच्या श्रेया सिंघल यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते कलम संपूर्ण रद्द केले. तो निकाल आम्ही शब्दकोश शेजारी ठेवून पंधरा दिवसांत वाचला. त्रास, गैरसोय हे शब्द इतके मोघम की कोणते बोलणे त्यात बसणार नाही हेच सांगता येत नाही, हा त्यातला गाभा. फसवणूक करणारे मोकाट सुटले असे मात्र कोणी समजू नये. संगणकावरून तोतयेगिरीने फसविल्यास शिक्षा देणारे ६६ड हे कलम अजून जागेवर आहे.

एसएमएसच्या बाबतीतही असाच प्रकार होऊन गेला. व्यापारी संदेशांना आळा घालण्यासाठी २०११ साली एका सिमकार्डावरून दिवसाला शंभर संदेशांची मर्यादा आली, पुढे ती दोनशे झाली. त्या काळी आमच्या गेटसभेची सूचना एसएमएसने जात असे. शंभर सभासदांना निरोप गेला की फोन मुका. उरलेल्यांना मुले सायकलवरून सांगत फिरत. व्यापाऱ्यांनी मात्र दहा सिमकार्डे घेतली. व्यापारी नसलेल्या संदेशांवर अशी मर्यादा घालता येणार नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ साली ठरविले. आकड्याने मोजून स्पॅम ओळखू पाहणे म्हणजे गर्दी दिसली की मोर्चा समजण्यासारखे आहे.

आता आपल्याच बाजूचे एक अवघड प्रकरण सांगतो. ते लपवून ठेवणे बरे नव्हे. २००९ साली अमेरिकेत पल्टी होम्स या घरबांधणी कंपनीने एका कामगाराला काढले, आणि बांधकाम मजुरांच्या लियुना या संघटनेने आंदोलन उभारले. आंदोलन कसले? आपोआप फोन लावणारी यंत्रणा भाड्याने घेऊन कंपनीच्या विक्री कचेऱ्यांवर आणि अधिकाऱ्यांवर हजारो फोन; सभासदांकडून ईमेलचा असा मारा की पेट्या भरून गिऱ्हाइकांची पत्रे आत येईनात. कंपनीने संगणक-गुन्ह्यांच्या कायद्याखाली दावा लावला. २०११ साली सहाव्या विभागाच्या अपील न्यायालयाने म्हटले की, यंत्रणेचे काम अडावे अशा हेतूने मारा केला असेल तर ते 'नुकसान' होऊ शकते आणि दावा पुढे चालू शकतो.

आमच्या काही तरुण कार्यकर्त्यांना हा निकाल मालकधार्जिणा वाटतो. आम्हांस वाटत नाही. हमिदीने सहा पत्रे धाडली ती वाचली जावीत म्हणून. येथे हजारो धाडली ती वाचलीच जाऊ नयेत, पेटी बंद पडावी म्हणून. पत्रक वाटणे वेगळे आणि पत्रकांचा गठ्ठा टाकून दरवाजा अडविणे वेगळे. दरवाजा अडवायचा असेल तर संपाची नोटीस देऊन, स्वतः उभे राहून, नाव सांगून अडवावा. यंत्र भाड्याने घेऊन नव्हे. आमच्या हँडबिलांच्या तळाशी मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव छापण्याची सक्ती १८६७ च्या कायद्याने होती. त्या कायद्याची जागा २०२३ च्या कायद्याने घेतली. तरी आम्ही संघटनेच्या चिटणिसाचे नाव आजही छापतो. एकट्या कामगाराला नाव देण्याची भीती वाटते, ती खरी असते. म्हणून त्याच्या वतीने संघटना नाव देते. व्यापाऱ्याला अशी भीती असण्याचे काही कारण नाही. त्याला नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक देण्याची सक्ती करावी आणि मत मांडणाऱ्याला ती करू नये, यात आम्हांस पक्षपात दिसत नाही.

भारतात केव्हा ना केव्हा ईमेलच्या स्पॅमचे विधेयक येईल. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात संमतीचे तत्त्व आलेच आहे, त्याच्याशी ते जोडले जाईल. तेव्हा आपल्या खासदाराला काय लिहावे? व्याख्येत 'व्यापारी' हा शब्द असावा, आणि त्रास, गैरसोय, चीड असले शब्द मसुद्यात कोठेही नसावेत. संमती आधी हवी. मागाहून नकाराचा कायदा आम्हांस नको. कचेरीतील पत्त्यावर आलेल्या कामगार संघटनेच्या पत्रास मालकाची संमती लागत नाही, कामगाराचा स्वतःचा नकार मात्र बंधनकारक आहे, हे स्पष्ट लिहावे. ते न लिहिल्यास आपल्याकडेही एक हमिदी उभा राहील आणि त्याला वकील परवडणार नाही. आणि फिर्याद ज्याच्या पेटीत पत्र पडले त्याला करता यावी. त्यासाठी नवे मंडळ, नवे आयुक्त नकोत. जिल्ह्याच्या गावी ग्राहक आयोग आहे, तेथे साध्या अर्जावर, वकिलाशिवाय, प्रत्येक पत्रामागे ठरलेली भरपाई मिळावी. रक्कम कायद्यातच ठरवून टाकावी, म्हणजे एका ईमेलने आपले किती नुकसान झाले हे पुराव्याने सिद्ध करीत बसावे लागणार नाही. अमेरिकेतील फॅक्सच्या कायद्यात ते पाचशे डॉलर होते. आपल्याकडे पाचशे रुपये ठेवले तरी पुरे. दहा लाख पत्रे पाठविणाऱ्याने त्याचा गुणाकार आपला आपण करावा.